पिवळ्या रेषेच्या आत

शिट्टीमावशींचं खरं नाव गल्लीत कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. एकदा दवाखान्यात त्यांच्या नावाचा पुकारा झाला, तर त्या स्वतःच ढिम्म बसून राहिल्या. शेवटी शेजारणीने कोपराने ढोसलं, "अहो, तुम्हालाच बोलावतायत!" मोज्यांचा कारखाना चालू होता तेव्हा त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीची पितळी शिट्टी असायची. कारखाना बंद पडून एक अख्खी पिढी मोठी झाली, शिट्टी खुंटीवर गेली, पण नाव काही गळ्यातून उतरलं नाही.

कारखाना होता तेव्हाची ती गल्ली आज सांगून कुणाला पटायची नाही. सकाळी भोंगा व्हायच्या आधी बायका एकमेकींच्या दारात हाका मारत निघायच्या. कुणाची वेणी अर्धी, कुणाच्या तोंडात अजून घास. संध्याकाळी परतायच्या तेव्हा सगळ्यांच्या केसांवर दोऱ्याची पांढरी लव बसलेली असायची. पोरं म्हणायची, "आई सकाळी गेली आणि आजी होऊन आली." कोपऱ्यावरचा चहावाला, चपला शिवणारा, सायकली दुरुस्त करणारा, सगळे त्या घोळक्यावर जगायचे. मग बाहेरच्या देशात मजुरी स्वस्त आहे असं ठरलं. मोठे मालक गेल्यावर त्यांच्या मुलाने चांगली मशीनं तिकडच्या कंपनीला विकली. ती खोक्यांत भरून गेली, आणि जुन्या मशीनांची एक ओळ तेवढी ताडपत्रीखाली मागे राहिली. बायकाही तशाच मागे राहिल्या.

मशीनांच्या मागोमाग मावशींचा मुलगा गेला. कारखान्यातली मशीनं दुरुस्त करणाऱ्या फिटरकाकांच्या हाताखाली तो शिकला होता. मशीन कधी रुसतं आणि कशाने मानतं हे कळणारं माणूस तिकडे हवं होतं, म्हणून कंपनीने त्याला बोलावलं. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेला तो तिकडेच रमला, तिकडेच लग्न झालं, तिकडेच बाप झाला. नात झाल्यापासून तर त्याला यायलाही जमलं नव्हतं. ती पोर आजीला फोनच्या काचेतच बघायची. एकदा बराच वेळ टक लावून बघत तिने विचारलं होतं, "आजी, तुला पाय आहेत का गं?"

मावशींनी हसत हसत फोन खाली धरून पाय दाखवले होते. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी आपल्या पायांकडे पुन्हा एकदा पाहिलं होतं.

आणि मग सरकारने योजना काढली. बाहेर गेलेलं काम परत आणा, इथल्या माणसांना कामाला लावा, आम्ही अनुदान देतो. मोठ्या मालकांची नात, जिला मावशींनी दोऱ्याच्या टोपल्यांत झोपलेलं पाहिलं होतं, ती आता छोट्या बाई होऊन गल्लीत आली आणि तिने कारखान्याचं कुलूप काढलं. दार ढकलायला चार माणसं लागली. आत वास तोच, तेलाचा आणि सुताचा. मावशींच्या डोळ्यांना धार लागली. "धूळ गं धूळ," त्या म्हणाल्या. शेजारी त्यांची जुनी सोबतीण चिमणी उभी होती. अंगाने चांगली दणकट, पण आवाज बारीक म्हणून चिमणी. "हो, धूळच," ती म्हणाली, "माझ्याही डोळ्यांत तीच गेलीये."

त्या दिवशी छोट्या बाई मावशींना म्हणाल्या, "फिटरकाकांचे कान गेलेत, गुडघे गेलेत. अनुदान आलं की मला कायमचा फिटर लागेल. तुमचा मुलगा येईल का हो परत?"

मावशी घरी पळतच गेल्या. चप्पलही न काढता त्यांनी फोन लावला.

"येशील ना रे?"

"येईन की. पण आई, इथली नोकरी सोडायची म्हणजे घर सोडायचं, हिची नोकरी सोडायची, पोरीची शाळा. तिथलं पक्कं आहे ना?"

"पक्कं! अरे छोट्या बाईंनी स्वतः तोंडाने विचारलं मला!"

"म्हणजे अनुदान मंजूर झालंय?"

"झालंय, झालंय," मावशी म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. कुलूप उघडलं, दिवे लागले, आता आणखी काय मंजूर व्हायचं राहिलं?

आठवड्याने त्याचाच फोन आला. आवाज थोडा घोगरा होता. "आई, सांगून टाकलं बघ इथे. महिनाअखेर सुटतो." मावशींनी गल्लीभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन त्यांनी छोट्या बाईंना हे सांगितलं, तेव्हा छोट्या बाईंच्या हातातला चहाचा कप वाटेतच थांबला.

"मावशी, मंजूर झालं असं मी कधी म्हणाले? अर्ज घेतलाय त्यांनी फक्त. तपासणी व्हायचीय अजून. त्यात पास झालो तर."

मावशींनी विचारलं, "आणि नाही झालो तर?"

"तर कुलूप. माझ्याजवळ पुढचा दोरा घ्यायलासुद्धा काही उरलेलं नाही. आणि ही या फेरीतली शेवटची तपासणी आहे."

तेव्हापासून मावशी रोज सकाळी उठून ठरवायच्या, आज फोन करून सांगायचं, बाबा रे, माझं चुकलं, काही पक्कं नाही, थांब. आणि रोज फोन हातात घेतला की नात समोर यायची आणि नवी बातमी सांगायची. आज मैत्रिणीला खेळणं देऊन टाकलं. आज बाबांनी खोकी आणली. मावशी "अरे वा" म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. पुन्हा मनात यायचं, कशाला सांगायचं? तपासणीत पास झालो की खोटं आपोआप खरं होईल. मग कुणाला कळायचंही नाही.

तपासणी कशी असते ते छोट्या बाईंनी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. अनुदान उचलायचं, चार मशीनं दिखाव्याला मांडायची आणि मग दाराला टाळं लावून पसार व्हायचं, असे प्रकार इतर ठिकाणी झाले होते. म्हणून सरकारने अट घातली होती. दारापाशी एक मीटर लावायचा. ओळीतली सगळी मशीनं चालू असतील तोवरच तो पुढे सरकणार. एक जरी थांबलं तरी मीटर शून्यावर. सकाळी कामाला लागल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीनं अखंड चालली पाहिजेत आणि मोजे उतरत राहिले पाहिजेत.

"तेव्हा काहीही झालं तरी," छोट्या बाई म्हणाल्या, "मशीन थांबवायचं नाही. शिंक आली, चक्कर आली, छप्पर पडलं, तरी नाही."

"आणि मी मेले तर?" चिमणीने बारीक आवाजात विचारलं.

"तर आम्ही तुला बाजूला ढकलून चालू ठेवू," मावशी म्हणाल्या. सगळ्या खदखदून हसल्या. छोट्या बाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

मग तयारी सुरू झाली. फिटरकाकांनी एकेका मशीनचं पोट उघडून सुया बदलल्या, तेल घातलं आणि प्रत्येकाला नावं ठेवत ठेवत ते चालू केलं. कान गेल्यामुळे ते सगळ्यांशी ओरडूनच बोलायचे. "हे तिसरं आहे ना, हे माझ्या सासूसारखं आहे! कौतुक केल्याशिवाय चालत नाही!" दोऱ्याचा कोन, म्हणजे निमुळतं रीळ, संपत आला की मशीन चालू असतानाच नव्या कोनाचं टोक जुन्या शेपटीला गाठ मारून जोडायचं, हे बायकांच्या बोटांना अजून येत होतं. पहिल्या दिवशी बोटं अडखळली. मग त्यांना आठवलं. रंगारी आला. त्याने भिंती धुतल्या, खिडक्या रंगवल्या आणि मशीनांच्या भोवतीची जमिनीवरची जुनी पिवळी रेघ पुन्हा ठसठशीत काढून दिली. "ही ठेवायची ना?" त्याने विचारलं. "ठेवा ठेवा, छान दिसते," छोट्या बाई म्हणाल्या.

त्यांनीच मावशींना शिट्टी गळ्यात घालायला लावली. "आजोबांच्या वेळचं सगळं दिसू दे की तपासणीला येणाऱ्या मॅडमना. फोटोतही छान येईल."

ती रेघ आणि ती शिट्टी एकाच दिवशी कारखान्यात आली होती, हे छोट्या बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तेव्हा मशीनं उघड्या फिरत्या पट्ट्यांवर चालायची. शाळेतल्या एक बाई कारखाना बघायला आल्या होत्या, गळ्यात लांबलचक निळा स्कार्फ होता. दोरा गुंडाळला जाताना बघायला त्या जरा पुढे वाकल्या. मावशी तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या, शेजारच्याच मशीनवर होत्या. स्कार्फचं टोक पट्ट्याने ओढलं ते त्यांनी पाहिलं, त्या ओरडल्याही, पण मशीनांच्या आवाजात ओरडणं कुणाला ऐकू जातं? बाई वाचल्या. पण त्यांचा आवाज गेला तो गेला. पुढे जन्मभर त्या कुजबुजल्यासारख्या बोलायच्या, आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी पोरं बसायची. मोठ्या मालकांनी दुसऱ्याच दिवशी जमिनीवर पिवळी रेघ मारली आणि ओरडलेल्या त्या एकाच बाईच्या गळ्यात शिट्टी घातली. बाहेरचं माणूस रेघेच्या आत आलं, की एक लांब शिट्टी. लांब शिट्टी ऐकली, की सगळी मशीनं बंद. कारण विचारायचं नाही. दोन छोट्या शिट्ट्या, की पुन्हा चालू. मंत्री येवो की पोस्टमन, सगळ्यांना एकच नियम.

तयारीत सगळ्या गोष्टींची रंगीत तालीम झाली. दोरा तुटला तर काय, दिवे गेले तर काय, सगळं झालं. पाहुणा रेघेच्या आत आला तर काय, याची तालीम कुणी केली नाही. तालमीच्या दिवसांत बाहेरचं माणूस आत आलंच नव्हतं.

सगळ्यात शेवटचं मशीन लहान मुलांच्या मापाचं होतं. तालमीत त्यावर उतरलेला पहिला जोड मावशींनी मागून घेतला. करडा रंग, वर तांबडी किनार. बोटांकडची बाजू त्यांनी स्वतः जोडली, रुमालात गुंडाळून एप्रनच्या खिशात ठेवला, आणि दिवसातून दहादा खिसा चाचपून पाहायच्या. पायाचं माप त्यांनी सूनबाईकडून मागवलं होतं आणि नातीला मोजे कबूलही केले होते.

तपासणीच्या दिवशी मॅडम वेळेवर आल्या. साध्या, चाळिशीच्या पुढच्या, सर्दी झालेल्या. गळ्याभोवती लोकरीचा लांब स्कार्फ. मावशींनी तो पाहिला आणि त्यांच्या अंगावर उगाचच काटा आला. का ते लक्षात यायला मनाला सवड नव्हती. मॅडमनी मीटरला सील लावलं, खुर्ची भिंतीपाशी ओढली, आणि छोट्या बाईंनी मान हलवताच मावशींनी दोन छोट्या शिट्ट्या दिल्या.

ओळ सुरू झाली. मावशी रेघेच्या टोकाशी उभ्या राहून सगळीकडे डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. मीटरकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान तिकडेच वळायची. मोजे टोपल्यांत पडत होते. तिसऱ्या मशीनने एकदा कुरकुर केली, तर फिटरकाका त्याच्या कानात, म्हणजे जिथे कान असता तिथे, काहीतरी बोलले आणि ते गप्प झालं. अर्ध्याहून जास्त वेळ सरला. छोट्या बाईंच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. चिमणीने लांबूनच मावशींना डोळा मारला. मावशींना पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला. आज संध्याकाळी फोन करायचा. काही कबूल करायची गरजच नाही.

आणि मॅडम उठल्या. बसून बसून कंटाळल्या असाव्यात, किंवा खरंच कुतूहल वाटलं असेल. सुयांचं ते गोल कडं फिरतं कसं, टाच वळते कशी, हे बघायला त्या चिमणीच्या मशीनकडे आल्या. पिवळ्या रेघेवर पाय पडला, पुढचा पाय आत. त्या वाकल्या. स्कार्फचं टोक खांद्यावरून घसरलं आणि लोंबकळायला लागलं.

शिट्टी वाजली. लांब.

ती आपण वाजवली हे मावशींना सगळं शांत झाल्यावर कळलं. एकामागून एक नाही, सगळी मशीनं एका दमात थांबली. बायकांचे हात डोक्याच्या आधी बटणावर गेले होते. इतक्या वर्षांनीसुद्धा एकीनेही मान वर करून बघितलं नव्हतं. कान गेलेल्या फिटरकाकांनासुद्धा शांतता ऐकू आली आणि ते दचकून वळले.

मॅडम तशाच वाकलेल्या राहिल्या. "काय झालं?"

दाराशी मीटरवर सगळी शून्यं आली होती.

"मावशी!" छोट्या बाईंच्या तोंडून एवढंच निघालं. तो आवाज रागाचा असता तर बरं झालं असतं.

मावशींना आपला मुलगा दिसला, खोकी भरत असलेला. ज्या बाईच्या एका शब्दावर त्याने तिकडचं सगळं मोडलं, त्याच बाईने इकडचंही मोडलं. स्वतःच्या हाताने, नव्हे, स्वतःच्या तोंडाने. तोंडात अजून शिट्टीच होती. ती काढून त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचा स्कार्फ. आधी मागे व्हा. रेघेच्या मागे."

मॅडमनी स्कार्फकडे पाहिलं. टोक सुयांच्या कड्यापासून वीतभर अंतरावर होतं. त्या मागे झाल्या, अगदी पाठीला भिंत लागेपर्यंत. मग छोट्या बाईंनी विचारलं, आणि मावशींनी थोडक्यात सगळं सांगितलं, ती रेघ, शाळेतल्या बाई, त्यांचा गेलेला आवाज.

मॅडमनी स्कार्फ काढून त्याची घडी घातली. "मला आत यायला नको होतं," त्या म्हणाल्या. "पण मीटर शून्यावर आलाय, तो मला पुढे सरकवता येत नाही. तसं केलं तर मी उद्या कुणालाही ते करू देईन. तुम्ही आत्ता पुन्हा सुरू करा. माझी गाडी संध्याकाळी येईल. तोवर मी इथेच बसते."

"पण दोरा?" चिमणी म्हणाली.

दोरा तपासणीपुरताच आणलेला होता. अर्धं कपाट शिल्लक असेल नसेल. छोट्या बाई टोपल्यांतल्या मोज्यांकडे बघत खुर्चीत बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

मावशीही त्या टोपल्यांकडेच बघत होत्या. नुकतेच उतरलेले मोजे, बोटांकडची तोंडं अजून उघडी. पूर्वी बिघडलेला मोजा फेकायचा नाही, उसवून दोरा परत घ्यायचा, ही मोठ्या मालकांची शिस्त होती, आणि चिमणीची अर्धी नोकरी त्यातच गेली होती.

"चिमणे," मावशी म्हणाल्या, "उसवायला विसरलीस का गं?"

"चांगले मोजे उसवायचे?" चिमणी किंचाळली. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"नाहीये. ये लवकर."

छोट्या बाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "मशीनं चालली पाहिजेत आणि माल उतरला पाहिजे, एवढीच अट आहे. दोरा कोरा हवा असं कुठे म्हटलेलं नाही."

दोन छोट्या शिट्ट्या झाल्या आणि मीटर पहिल्यापासून निघाला.

तशी दुपार त्या कारखान्याने मोठ्या मालकांच्या वेळीही पाहिली नव्हती. चिमणीच्या मशीनवर दुसरी बाई बसली. जमिनीवर चिमणी, मावशी आणि गल्लीतून हाका मारून बोलावलेल्या, मोज्यांची तोंडं शिवणाऱ्या जुन्या जोडणीवाल्या बसल्या. मोज्याचं टोक पकडायचं आणि ओढायचं. सरसर दोरा सुटायचा, पण कुरळा, स्प्रिंगसारखा. तसाच सुयांत गेला तर अडकणार. मग ओल्या फडक्यातून खेचून तो सरळ करायचा, रिकाम्या कोनावर गुंडाळायचा, आणि पळत जाऊन मशीनवाल्या बाईच्या हातात द्यायचा. ती गाठ मारायची. सकाळी जे विणलं ते दुपारी उसवायचं आणि पुन्हा विणायचं. जेवायला कुणी उठलं नाही. छोट्या बाईही चपला बाजूला सारून जमिनीवर बसल्या आणि त्यांनी चिमणीकडून बोलणी खाल्ली. "अहो, ओढायचं म्हणजे भांडल्यासारखं नाही ओढायचं! तो मोजा आहे, नवरा नाही!"

कुणी हसलं, पण हसायलाही पुरता वेळ नव्हता.

मावशींच्या खिशात फोन थरथरला. मुलाचीच वेळ होती ती. त्या ओढत राहिल्या. थांबला, पुन्हा थरथरला. त्याला वाटत असेल आज निकाल लागला. काय सांगणार होत्या त्या? हात दोऱ्यात गुंतलेले आहेत याचं त्यांना बरंच वाटलं.

खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर चढलं. टोपल्या रिकाम्या होत आल्या. दुसऱ्यांदा विणलेले मोजे मॅडमच्या समोर मोजणीसाठी ठेवले होते, त्यांना हात लावायचा नव्हता. मीटर शेवटच्या टप्प्यात आला आणि ओळीतल्या शेवटच्या, लहान मुलांच्या मापाच्या मशीनवरची बाई ओरडली, "दोरा! मावशी, दोरा!"

टोपलीत काही नव्हतं. कपाटात काही नव्हतं. त्या बाईच्या कोनावर दोऱ्याचे शेवटचे वेढे गरगर फिरत होते.

मावशींनी खिशातून रुमाल काढला. तो छोटा जोड तळहातावर मावेल एवढासा होता. स्वतःच जोडलेली शिवण दातांनी तोडली, टोक पकडलं आणि ओढलं. एक मोजा केवढा असतो? श्वास सोडावा तसा तो संपला. मग दुसरा. चिमणीने फडकं धरलं आणि दोरा कोनावर गुंडाळला. तांबडी किनार शेवटी आली. करडं पुरेल असं वाटलं होतं. पुरलं नाही. तांबड्याची गाठ मारली, आणि त्या करड्या मोज्यावर मधेच एक तांबडा पट्टा विणला गेला.

मीटरची घंटी वाजली.

मावशींनी लांब शिट्टी दिली. मशीनं थांबली. मॅडम उठून पिवळ्या रेघेपर्यंत आल्या आणि तिथे उभ्या राहिल्या, पाय जुळवून.

"आता येऊ का आत?"

मावशींनी ओळीवरून नजर फिरवली. एकूण एक मशीन बंद होतं. "या."

मॅडमनी मोजे पाहिले, मधला तांबड्या पट्ट्याचा उचलून पाहिला, खाली ठेवला. जाताना छोट्या बाईंना म्हणाल्या, "मी जे झालं ते लिहीन. एकदा थांबलं, का थांबलं, आणि पुन्हा पूर्ण चाललं. ठरवणारे वरचे आहेत. मी काही कबूल करू शकत नाही."

"त्या तरी खोटं बोलल्या नाहीत," मावशी पुटपुटल्या आणि अंगणात जाऊन त्यांनी फोन लावला.

"आई! किती वेळा केला मी! काय झालं?"

"ऐक. मधे बोलू नकोस. मी पक्कं म्हटलं होतं ना, ते पक्कं नव्हतं. तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. मला वाटलं होतं आणि मी बोलून मोकळी झाले. आणि आज मशीनं थांबवली ती मीच. तुझं सगळं मोडलं रे मी."

पलीकडे नुसता घरघराट. मावशींनी तो आवाज ओळखला. जन्मभर ऐकलेला आवाज तो. मोज्याच्या मशीनांचा, मोठ्या हॉलमधला.

"तू कामावर आहेस?" त्यांनी विचारलं. "महिना परवाच संपला, तू तर सांगून सुटलास ना तिथून?"

"नाही सांगितलं," तो म्हणाला. "रोज मुकादमासमोर जातो, चहा पितो आणि परत येतो. तुझा आवाज इतका खूश होता, आई, की तुला सांगायची हिंमत झाली नाही. खोकीही रिकामीच आहेत. पोरगी त्यांत बसून खेळते."

मावशींना एकाच वेळी रडू आलं आणि रागही आला, आणि हायसं तर इतकं वाटलं की त्या पायरीवरच बसल्या. आपल्या शब्दावर त्याने उडी घेतली नाही. बरं झालं. आणि आपल्या शब्दावर त्याने उडी घेतली नाही, हे खुपलंही.

"गाढवा," त्या म्हणाल्या.

"आता काय करू?"

आधीच्या मावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, ये. आताच्या मावशींनी गळ्यातली शिट्टी हाताने चाचपली. "थांब. लांब शिट्टी दिलीये समज. दोन छोट्या वाजेपर्यंत हलायचं नाही."

"बरं," तो म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसा.

पुढचे दिवस कसे गेले ते मावशींनाच ठाऊक. पोस्टमन दिसला की त्या दारात यायच्या, छोट्या बाईंचा फोन वाजला की चिमणी आणि त्या एकमेकींकडे न बघता बघायच्या. नातीने विचारलं, "आजी, माझे मोजे?" आणि मावशी म्हणाल्या, "दोऱ्यात आहेत गं अजून." पक्कं हा शब्द त्यांनी एकदाही तोंडातून काढला नाही.

मग एका सकाळी छोट्या बाई कारखान्यात पळत आल्या, पिवळ्या रेघेपाशी आपोआप थबकल्या आणि तिथूनच ओरडल्या. अनुदान आलं होतं, एका ओळीपुरतं. पुढच्या ओळींचं पुढे बघू म्हणाले होते. एका ओळीला बायका ठरलेल्या आणि एक फिटर. चिमणी जमिनीवरच बसली. फिटरकाकांना तीनदा सांगावं लागलं. कळल्यावर ते तिसऱ्या मशीनला सांगायला गेले.

मावशींनी मुलाला फोन लावला. तिकडे त्याची पाळी चालू होती, मागे तोच घरघराट. "आई? काही कळलं?"

मावशींनी शिट्टी तोंडात धरली आणि फोन जवळ आणून दोन छोट्या वाजवल्या.

मग मावशींनी कान फोनला घट्ट लावला. तो सगळा घरघराट ऐकता ऐकता त्यातलं एक मशीन कमी झालं. शंभर मशीनांतलं एक बंद झालेलं कुणाला कळायचंही नाही. मावशींना कळलं. पोरगा हलला होता.